बत्तिसांतील एक मत : म्युनिसिपालिटीतील जोतीराव फुले



तुमच्या घरातील भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर आहे, बाबासाहेबांची आहे, आणि पुष्कळ घरांत त्यांच्या शेजारी पागोटे बांधलेल्या, दाढी राखलेल्या एका करारी चेहऱ्याच्या माणसाचीही आहे. ते जोतीराव गोविंदराव फुले. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, त्यांत बुद्ध आणि कबीर यांच्या जोडीला जोतीरावांचे नाव घेतले. शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील आपला ग्रंथ त्यांनी १९४६ साली प्रसिद्ध केला तो जोतीरावांच्याच स्मृतीला अर्पण केला. तेव्हा जोतीराव कोण, असे तुम्हाला विचारले तर तुमचा शाळकरी मुलगासुद्धा सांगेल की त्यांनी मुलींची शाळा काढली, अस्पृश्यांसाठी शाळा काढली आणि सत्यशोधक समाज स्थापन केला.

हे सारे खरे आहे. परंतु जोतीरावांच्या आयुष्यातील एक प्रकरण आपल्या सभांतून फारसे सांगितले जात नाही. जोतीराव पुण्याच्या म्युनिसिपालिटीचे सभासद होते. ज्या शहराने त्यांच्या अंगावर शेण फेकले, त्या शहराच्या कारभारात ते सहा-सात वर्षे बसले. तेथे त्यांनी काय केले, त्यांचे किती चालले आणि किती चालले नाही, ते आज तुमच्यापुढे मांडावयाचे आहे. कारण १९९२ च्या घटनादुरुस्त्यांनंतर ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेत आपल्या माणसांसाठी जागा राखून ठेवणे सक्तीचे झाले. तुमच्यापैकी कोणाचा मुलगा, कोणाची सून त्या खुर्चीवर बसलीही असेल. त्या खुर्चीवरून घरी आल्यावर माणसाला जो प्रश्न छळतो, तोच प्रश्न जोतीरावांना १८७६ साली पडला असला पाहिजे. चारीकडे दुसऱ्यांचीच माणसे आणि आपले मत एक. त्या एका मताचे करावयाचे काय?

आधी त्यांचा थोडा पूर्ववृत्तान्त घेऊ. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ चा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांकडे फुले पुरविण्याच्या व्यवसायावरून फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई ते तान्हे असतानाच वारल्या. १८४० साली नायगावच्या सावित्रीबाईंशी लग्न झाले. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिक्षण झाले. १८४८ साली एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत चालले म्हणून त्यांचा अपमान झाला, आणि त्याच वर्षी त्यांनी बुधवार पेठेत भिड्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. शूद्राची बायको शिक्षिका होते हे पुण्याला सोसले नाही. जातवाल्यांच्या दडपणाखाली वडिलांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. तरी शाळा वाढल्या, महार-मांगांच्या मुलांसाठीही निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी सरकारने विश्रामबागवाड्यात त्यांचा जाहीर सत्कार केला. पुण्यातील एका माळ्याच्या पोराला सरकारी शालजोडी मिळते हेही पुण्याला सोसले नाही.

जोतीराव पोट कशावर भरीत, हे पुष्कळांना माहीत नसते. ते देणग्यांवर जगणारे पुढारी नव्हते. त्यांनी शेती केली, बांधकामाची कंत्राटे घेतली, खडकवासल्याच्या तलावाच्या बांधकामासाठी माल पुरविला. याचा पुढच्या गोष्टीशी संबंध आहे. बांधकामावरचा मजूर किती वाजता येतो आणि त्याच्या हातावर काय पडते, हे कंत्राटदाराला ठाऊक असते. कागदावरचा खर्च आणि जमिनीवरचा खर्च यांत किती अंतर असते, हेही त्याला कोणी शिकवावे लागत नाही. म्युनिसिपालिटीच्या सभेत अंदाजपत्रक वाचले जाताना असा माणूस झोप काढीत नाही.

आणि पाण्याची गोष्ट. पेशव्यांच्या काळात कात्रजहून नळ आणून पुण्यात हौद बांधले होते. पाणी शहरभर खेळत होते, पण ज्याला शिवू नये असे ठरविले होते त्याच्या ओंजळीला ते मिळत नव्हते. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. त्यासाठी कोणाचा ठराव लागला नाही, कोणाची मंजुरी लागली नाही. हौद स्वतःचा होता. त्यांनी तो खुला केला आणि जातवाल्यांचा राग अंगावर घेतला. ही गोष्ट लक्षात ठेवा. घरचा हौद एका माणसाच्या मनावर खुला होतो. शहराच्या हौदाला सभेत बहुमत लागते.

आता म्युनिसिपालिटी. आज पुण्यात महानगरपालिका आहे, महापौर आहे, नगरसेवक आहेत. पण महानगरपालिका झाली ती १९५० साली. जोतीरावांच्या वेळी महापौर हा शब्दही कोणाच्या तोंडी नव्हता. सरकार सभासद नेमीत असे, अध्यक्ष सरकारी अधिकारी असे, आणि सभासदाला म्युनिसिपल कमिशनर म्हणत. १८७६ साली सरकारने जोतीरावांना असे कमिशनर नेमले. म्हणजे जोतीराव निवडून आलेले नव्हते, सरकारच्या मर्जीने बसलेले होते. यावरून त्यांना कमी लेखणारे आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगावे की मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबही प्रथम नेमलेले सभासदच होते, आणि तेथे ते सरकारची मर्जी सांभाळीत बसले नव्हते.

नेमलेल्या माणसाकडून एक न बोललेली अपेक्षा असते, बंधूंनो. त्याने मान डोलवावी. ज्याने खुर्ची दिली त्याची पुढच्या खेपेला पुन्हा मर्जी लागणार असते. तशात जोतीराव कंत्राटदार. सरकारी कामांवर त्यांचा धंदा चाललेला. मान डोलावण्यासाठी याहून मोठे कारण कोणते हवे?

ते सभेत गेले त्याच सुमारास दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. १८७६ ते १८७८ अशी ती वर्षे. खेड्यांतून माणसे पुण्याकडे निघाली, आयांनी मुले वाटेवर सोडली. धनकवडीला जोतीराव, सावित्रीबाई आणि त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी अशा मुलांसाठी अन्नछत्र उभे केले. याच दुष्काळात, १८७७ च्या जानेवारीत, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी दिल्लीला मोठा दरबार भरविला आणि व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर केले. पुढे १८७८ साली याच लिटन यांनी देशी भाषांतील वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप घालणारा कायदा केला. सत्यशोधकांचे ‘दीनबंधु’ हे पत्र नुकतेच, १८७७ साली, कृष्णराव भालेकरांनी सुरू केले होते. शेतकऱ्याचे आणि मजुराचे गाऱ्हाणे सांगणारे पत्र नुकते कोठे बोलू लागले तोच हा कायदा आला.

आणि मग १८८० च्या सुमारास हेच लिटनसाहेब पुण्याला यावयाचे ठरले. म्युनिसिपालिटीत प्रस्ताव आला की व्हाइसरॉयसाहेबांचे स्वागत करावे, मानपत्र द्यावे, आणि त्यासाठी हजार रुपये खर्चास मंजुरी मिळावी. सभेत सभासद बत्तीस. त्यांत पदवीधर होते, सावकार होते, पेन्शनर होते. लिटन यांच्या कायद्याबद्दल घरी बसून कडवट बोलणारेही असतील. पण सभेत बोलावे कोणी? पैसा आपल्या खिशातला जाणार नव्हता, आणि नाव मात्र साहेबाच्या कानावर जाणार होते.

जोतीरावांनी सांगितले की हा पैसा करदात्यांचा आहे. तो अशा पाहुण्याच्या स्वागतावर उडविण्यापेक्षा पुण्यातील गरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा. प्रस्ताव मताला पडला. बत्तिसांपैकी एकट्या जोतीरावांचे मत विरुद्ध गेले. प्रस्ताव मंजूर झाला.

येथे क्षणभर थांबू या. हा प्रसंग सांगताना आपले वक्ते बहुधा टाळ्या घेतात आणि पुढे जातात. मला मात्र त्या सभेनंतरची संध्याकाळ डोळ्यांपुढे येते. हजार रुपये खर्च झाले. गरिबांच्या शाळेला त्यातला एक पैसा मिळाला नाही. मत देऊन प्रत्यक्षात काहीच बदलले नाही. मग जोतीराव हरले का? सभेपुरते हरले, यात शंका नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या एकतीस जणांपैकी कोणालाही असे म्हणता येईना की पुण्याने एकमुखाने स्वागत केले. ‘एकमताने’ हा शब्द त्या कागदावर येऊ शकला नाही. ज्यांनी सभेचे इतिवृत्त कधी लिहिले आहे त्यांना या एका शब्दाची किंमत कळेल. आणि जो खुर्चीवर बसवतो त्याचेच कौतुक करावे लागते हा समज निदान एका माणसाने मोडून दाखविला. त्यासाठी सरकारने त्यांना तुरुंगात टाकले नाही, फासावर दिले नाही. म्हणजे बाकीचे एकतीस जण ज्याला भ्याले ते भय पुष्कळसे त्यांच्या मनातलेच होते.

त्याच काळातली दुसरी गोष्ट दारूची. पुण्यात दारूची दुकाने वाढत चालली होती. जुलै १८८० मध्ये जोतीरावांनी म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहिले. म्हणणे असे की म्युनिसिपालिटी लोकांचे आरोग्य राखण्यासाठी नोकर नेमते, पैसा खर्च करते, आणि त्याच शहरात आरोग्याची आणि नीतीची नासाडी करणारी दुकाने उघडत जातात. तेव्हा त्यांना आळा घालावा. भगिनींनो, तुम्हाला या पत्राचा अर्थ कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. पंचशीलातले पाचवे शील तुम्ही रोज म्हणता. शनिवारच्या पगारातले घरी किती येते आणि वाटेतल्या दुकानात किती राहते याचा हिशोब तुमच्याइतका कोणाला ठाऊक? जोतीराव मात्र पिणाऱ्या मजुराला उपदेश करून थांबले नाहीत. दुकान उघडू देणारा कोण, हे त्यांनी विचारले.

तिसरी गोष्ट मंडईची. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मोकळ्या मैदानात भाजीबाजार भरत असे. माळणी, कुणबिणी पाट्या घेऊन येत आणि उघड्यावर बसून विकीत. म्युनिसिपालिटीच्या मनात आले की शहराला शोभेल अशी मोठी दगडी मंडई बांधावी. काम लाखो रुपयांचे. जोतीराव आणि हरी रावजी चिपळूणकर यांनी याला विरोध केला. मुलांना शाळा नाहीत आणि भाजीला महाल कशाला, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. विरोध चालला नाही. मंडई बांधली गेली. १८८६ साली तिला त्या वेळचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देऊन ती खुली झाली.

मंडईबाबत जोतीरावांचे म्हणणे सर्वस्वी बरोबर होते, असे मी म्हणणार नाही. त्या छपराखाली पुढे किती पिढ्यांच्या भाजीवाल्या उन्हापावसातून वाचल्या! स्वच्छ बाजार ही काही चैन नव्हे. पण आधी काय आणि मागून काय हा कारभाराचा खरा प्रश्न असतो, आणि तो त्यांनी विचारला हे महत्त्वाचे. तोही कोणी विचारला? भाजीपाल्याशी ज्याच्या जातीचे पोट बांधलेले होते त्या माळ्याने. आपल्या जातभाईंना बसायला दगडी ओटा मिळतो आहे, तेव्हा गप्प बसावे, असा हिशोब त्यांनी केला नाही. आपल्या नगरसेवकांनी हे नीट पाहावे. समाजमंदिराची कमान मिळाली की वस्तीतल्या शाळेचे छप्पर विसरणारे सभासद आपण पाहिलेले आहेत.

शाळांचा प्रश्न त्यांच्या मनात किती खोल होता याचा पुरावा १८८२ साली मिळतो. सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी हंटरसाहेबांचे कमिशन नेमले. त्यापुढे जोतीरावांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये आपले निवेदन दिले. खाली सही करताना त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी दिली आणि पत्ता जुना गंज पेठेचा लिहिला. या निवेदनात बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी आहे, ती तुम्ही ऐकलेली असेल. त्यातली आणखी एक बाब सहसा सांगितली जात नाही. जोतीरावांनी कमिशनला सांगितले की महार, मांग आणि इतर खालच्या मानलेल्या जातींची मुले जातिभेदामुळे शाळांतून जवळजवळ बाहेरच राहतात. वरच्या जातींच्या मुलांशेजारी त्यांना बसू देत नाहीत. पुण्यात या लोकांची वस्ती पाच हजारांवर, आणि त्यांच्यासाठी शाळा एकच; तिच्यात येणारी मुले तीसही नाहीत.

पाच हजारांमागे तीस. हा आकडा त्या सभेतला सभासद देत होता.

त्याच निवेदनात त्यांनी सुचविले की मोठ्या शहरांतील प्राथमिक शाळांचा सारा खर्च तेथील म्युनिसिपालिट्यांकडून घ्यावा. परंतु शाळांची व्यवस्था मात्र सर्वस्वी त्यांच्या हाती देऊ नये, सरकारी शिक्षणखात्याची देखरेख ठेवावी. वाचून आश्चर्य वाटेल. स्वतः म्युनिसिपल कमिशनर असलेला माणूस म्हणतो की म्युनिसिपालिटीकडून पैसा घ्या, पण शाळा तिच्या स्वाधीन करू नका! सहा वर्षे त्या बाकावर बसून त्यांनी जे पाहिले त्याचा हा निष्कर्ष होता. सभेत कोण बसते आणि कोणाच्या मुलांचा विचार करते, हे त्यांना आतून कळले होते. स्थानिक लोकांच्या हाती सत्ता आली की ती सर्वांच्या हाती येते असे नाही. गावात जो वरचढ असतो त्याच्या हाती ती येते. पुढे घटना परिषदेत खेड्यांच्या सत्तेबद्दल बाबासाहेबांनी जो कठोर इशारा दिला, तो ज्यांना खटकतो त्यांनी जोतीरावांचे हे निवेदन वाचावे.

याच १८८२ साली लॉर्ड रिपन यांनी स्थानिक स्वराज्याचा ठराव केला आणि म्युनिसिपालिट्यांत निवडणुकीचे तत्त्व आले. पुण्याच्या सुशिक्षितांना आनंद झाला, आणि तो व्हावयासच हवा होता. पण मत कोणाला? जो पुरेसा कर भरतो, ज्याची मालमत्ता आहे, जो शिकलेला आहे, त्याला. रस्ता झाडणाऱ्याला मत नव्हते, पाटी घेऊन बसणाऱ्या माळणीला नव्हते. आज तुम्ही अठराव्या वर्षी जे बोट शाईला लावता, त्यासाठी आणखी जवळजवळ सत्तर वर्षे जावी लागली आणि भारताची घटना लिहावी लागली. निवडणुकीचे युग आले त्याच सुमारास जोतीरावांची म्युनिसिपालिटीतली कारकीर्द संपली. ते स्वस्थ बसले नाहीत. १८८३ साली त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला.

१८८८ च्या मार्चमध्ये पुण्यात राणीच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉट यांना, मेजवानी झाली. यजमान तेच हरी रावजी चिपळूणकर, मंडईच्या विरोधातले सोबती. जोतीराव तेथे शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि पाहुण्यांना सांगितले की येथे जमलेल्या दागिन्यांनी मढलेल्या लोकांवरून या देशाची कल्पना करू नका. खरी प्रजा खेड्यांत आहे, तिच्या शिक्षणाचे पाहा. लिटनच्या वेळी मांडलेलेच म्हणणे त्यांनी आता राजपुत्राच्या तोंडावर मांडले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या मांडवी कोळीवाड्यात लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. ती देण्यात कोणत्याही सरकारचा हात नव्हता.

त्याच वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवे अंग लुळे पडले. डाव्या हाताने लिहून त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पुरे केले. ते त्यांच्या मागे, १८९१ साली प्रसिद्ध झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले.

आपला देह जाळू नये, मिठात पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. घरामागे खड्डाही तयार होता. परंतु राहत्या वस्तीत पुरण्यास म्युनिसिपालिटीची परवानगी मिळाली नाही. जेथे ते सहा-सात वर्षे बसले, तेथून त्यांना शेवटची साडेतीन हात जागा मिळाली नाही. दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे धरण्यावरून वाद उठला तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ते स्वतः हाती धरले. त्या काळात हे काम स्त्रीने करणे कोणी ऐकलेलेही नव्हते. पुढे त्यांच्या अस्थी घरामागे त्याच जागी ठेवल्या गेल्या; समाधी तेथे आहे.

पस्तीस वर्षे गेली. १९२५ साली पुण्याच्या नगरपालिकेत केशवराव जेधे प्रभृती ब्राह्मणेतर सभासद निवडून आले होते. त्यांच्या बाजूने जोतीरावांचा पुतळा उभारण्याची मागणी पुढे आली. मोठे रण माजले, जोतीरावांची निंदा करणारी पत्रके निघाली, आणि मागणी फेटाळली गेली. त्या रागातून दिनकरराव जवळकरांनी ‘देशाचे दुश्मन’ हे पुस्तक लिहिले. भाषा जहाल होती. खटला झाला, जवळकर, जेधे आणि त्यांच्या सोबत्यांना खालच्या कोर्टात शिक्षा झाली. अपिलात त्यांची बाजू मांडायला मुंबईहून एक तरुण बॅरिस्टर आले, आणि १९२६ साली सर्व आरोपी सुटले. ते बॅरिस्टर म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले. तेथेही नगरपालिकाच होती. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या पुढाकाराने तिने तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव केलेला होता. सत्याग्रहानंतर ऑगस्टमध्ये तिनेच तो मागे घेतला. तळ्यावरचा हक्क शेवटी कोर्टात मिळाला, तो १९३७ साली.

पुण्याच्या त्या मंडईचे मात्र पुढे नाव बदलले. आचार्य अत्रे नगरपालिकेत होते तेव्हा त्यांनी पुढाकार घेतला, आणि लॉर्ड रे यांचे नाव जाऊन ती महात्मा फुले मंडई झाली. तिच्या भोवती आजही भाजीवाल्या बसतात, आणि पत्ता सांगताना तेच नाव सांगतात.